पासपोर्ट अडकतो कुठे? नाशिककरांसाठी पासपोर्ट आणि पीसीसीच्या (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या) वेळेचा हिशेब

आपल्या देशाच्या पासपोर्टची कोरी पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. तरीही सिडकोतल्या एखाद्याला पासपोर्ट आठवड्यात मिळतो आणि त्याच्याच बिल्डिंगमधला दुसरा दोन-दोन महिने वाट बघत बसतो. यात छपाईचा काही दोष नाही. पुस्तिका इथून कोऱ्या बाहेर पडतात आणि देशभरातल्या पासपोर्ट कार्यालयांत जातात. तुमचं नाव, फोटो, पत्ता त्यावर अगदी शेवटी चढतो, आणि त्या कामाला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याआधी. तुम्ही अर्जात जे लिहिलंय ते तुमच्या कागदांत तसंच आहे का, आणि कागदावरचा माणूस खरोखर त्या पत्त्यावर राहतो का, एवढ्या दोन गोष्टींची जुळवाजुळव होईपर्यंत फाइल हलत नाही.

म्हणून ‘पासपोर्टला किती दिवस लागतात हो?’ या प्रश्नाला एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फाइल आत्ता कुणाकडे आहे, हे विचारायला शिका. अर्ज भरून अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ती तुमच्याकडे असते. मग एका दिवसापुरती पासपोर्ट सेवा केंद्राकडे, तिथून पोलिसांकडे, मग परत पासपोर्ट कार्यालयाकडे आणि शेवटी पोस्टाकडे. यातला पोस्टाचा भाग सगळ्यात निर्धोक. स्पीड पोस्टनं पाकीट येतं, ते ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात देतात. शेजाऱ्याकडे ठेवत नाहीत की दुसऱ्या पत्त्यावर वळवत नाहीत. त्या दिवसांत घराला कुलूप लावून गावी गेलात तर पाकीट परत जाईल, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

एक गैरसमज आधीच दूर करू. नाशिकचं सेवा केंद्र पासपोर्ट ‘देत’ नाही, ते अर्ज स्वीकारतं. नाशिक येतं मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनाखाली. पोलिसांचा अहवाल तिथे जातो, शंका तिथे निघतात आणि निर्णयही तिथेच होतो. त्यामुळे फाइल अडकल्यावर केंद्राच्या दारातल्या सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून काही निघत नाही, त्या बिचाऱ्याला तुमच्या फाइलचं काही ठाऊक नसतं. स्थिती पाहायची ती पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा ॲपवर. फोनवर विचारायचं तर १८००-२५८-१८०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

केंद्रात त्या दिवशी काय होतं

आत तीन प्रकारचे काउंटर असतात: ए, बी आणि सी. ए काउंटरवर खासगी कंपनीचे कर्मचारी तुमचा फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात आणि कागद स्कॅन करतात. बी आणि सी या काउंटरांवर सरकारी अधिकारी बसतात. बी वर मूळ कागद तपासतात, सी वर अर्ज मंजूर करायचा की थांबवायचा आणि पोलीस पडताळणी कधी करायची, हे ठरतं. बाहेर पडताना हातात पावती मिळते. ती घडी करून खिशात टाकण्याआधी नीट वाचा. अर्ज पुढे गेला की काही कागदांसाठी थांबवला, हे त्यावरून कळतं. थांबवला असेल तर राहिलेला कागद घेऊन पुन्हा यायचं, पैसे पुन्हा भरायचे नाहीत. वर्षभरात अपॉइंटमेंट तीन वेळा बदलता येते. पण तोवर हातातली तारीख गेलेली असते, आणि घाई असणाऱ्यांचं नुकसान नेमकं इथेच होतं.

बी काउंटरवर सगळ्यात जास्त अडकतं ते नाव. मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, पॅनवर कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. क्रम उलटा असल्यानं फारसं बिघडत नाही, इकडच्या अधिकाऱ्यांना त्याची सवय आहे. बिघडतं ते स्पेलिंगमुळे. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतं, आणि एकाच माणसाच्या चार कागदांवर चारही तऱ्हा सापडतात. त्यात आपल्याकडे आदरानं जोडलेली शेपटं. एका कागदावर वडील विठ्ठल, दुसऱ्यावर विठ्ठलराव, आई एकीकडे सुमन आणि दुसरीकडे सुमनबाई. गावात हा मानाचा भाग, संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. फॉर्ममध्ये नाव भरायच्या चौकटी दोनच असतात. पहिल्या चौकटीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून लिहायचं, दुसरीत फक्त आडनाव. घाईत वडिलांचं नाव गाळलंत आणि दहावीच्या कागदावर ते असलं, की तिथेच प्रश्न उभा राहतो.

माझं स्पष्ट मत आहे की पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्यावं, मग त्यात दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. चुकीच्या आधारवर धाव घेऊन मिळवलेली तारीख बहुतेकदा वाया जाते.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा घोळ वेगळाच. बँकेत सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, आधारवर सासरचं पण मधलं नाव अजून वडिलांचंच. नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टसाठी कुठलाही नियम नाही. माहेरच्या नावानंही पासपोर्ट मिळतो. पण एक काय ते ठरवा आणि सगळे कागद त्या बाजूला आणा. सासरचं नाव हवं असेल तर लग्नाचा दाखला काढून ठेवा. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नोंद करायची राहिली असेल तर ती आधी करून घ्या.

जन्मतारखेचं प्रकरण मुख्यतः आईवडिलांच्या पिढीत निघतं. मुलगा अमेरिकेत, नातू झालाय, आईला बोलावलंय, आणि शाळेच्या दाखल्यावर आईची जन्मतारीख एक जून. महाराष्ट्रातली निम्मी जुनी पिढी एक जूनला जन्मली आहे, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. त्यातून ग्रामपंचायतीत खरी नोंद सापडली तर दोन तारखा होतात. अशा वेळी आधार, पॅन, शाळेचा दाखला यांपैकी बहुसंख्य कागदांवर जी तारीख आहे ती धरून चालणं बरं. खरी तारीख कुठली याची चर्चा घरात करावी, काउंटरवर करू नये. लहान मुलांसाठी नियम आता एकदम सुटसुटीत आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच चालतो, दुसरं काही नाही.

दहावी पास असाल तर ते प्रमाणपत्र विसरू नका. त्यावर नॉन-ईसीआर पासपोर्ट मिळतो. नाहीतर आखातासारख्या काही देशांत कामाला जाताना एमिग्रेशनची (देशाबाहेर कामाला जाण्याची) वेगळी परवानगी काढावी लागते.

पोलिसांकडे फाइल गेल्यावर

सगळ्यात जास्त दिवस इथे जातात, सगळ्यात जास्त अफवाही इथल्याच. वाट अशी असते: पासपोर्ट कार्यालयाकडून अर्ज ऑनलाइन येतो तो शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाकडे आणि बाहेर असाल तर नाशिक ग्रामीणच्या अधीक्षक कार्यालयाकडे. तिथून तुमच्या ठाण्यात. ठाण्यात पासपोर्टचं काम एखाद्या-दुसऱ्या अंमलदाराकडे असतं. तो फोन करतो, घरी येतो किंवा कागद घेऊन ठाण्यात बोलावतो. ओळख, राहण्याचा पुरावा आणि तुमच्यावर काही गुन्हा दाखल आहे का, हे पाहून अहवाल वर पाठवतो. वरून तो मुंबईला जातो. पोलिसांकडून हे २१ दिवसांत व्हावं अशी अपेक्षा आहे. त्या मुदतीत अहवाल गेला तर परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या पोलिसांना दर पडताळणीमागे १५० रुपये देतं. म्हणजे लवकर काम केल्याचे पैसे सरकार देतं. तुम्ही पडताळणीसाठी ठाण्यात कुणाला काही देणं लागत नाही.

मग २१ दिवसांचे दोन महिने कसे होतात? पहिलं कारण ऐकून हसाल. लोक फोन उचलत नाहीत. दुपारी अनोळखी नंबर येतो, सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीत मोबाइल लॉकरमध्ये असतो, किंवा कर्जवाल्यांचा फोन असेल म्हणून कापला जातो. अंमलदार दोनदा प्रयत्न करतो. तिसऱ्यांदा करायला त्याला फुरसत नसते, कारण त्याच्याकडे समन्स बजावणं, बंदोबस्त आणि रात्रपाळीही असते. शेवटी अहवाल ‘अर्जदार मिळून आला नाही’ असा जातो, आणि संकेतस्थळावर इनकम्प्लीट दिसू लागतं. केंद्रातून आल्यावर आठवड्याभरात फोन आला नाही तर सरळ आपल्या ठाण्यात जाऊन पासपोर्टचं काम कोण बघतं ते विचारा, फाइल आली का ते बघा, नंबर देऊन या. यात काही गैर नाही, त्यांचंही काम हलकं होतं.

दुसरं कारण पत्ता. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी मुलं धुळ्या-जळगावहून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली असतात. राहायला पाथर्डी फाट्याला चौघांत एक फ्लॅट, आधारवर मात्र गावाचा पत्ता. असा मुलगा गावाचा पत्ता घालतो आणि पडताळणीच्या दिवशी गावी नसतो. किंवा नाशिकचा घालतो आणि पुरावा नसतो. जिथे खरोखर राहता तोच पत्ता घाला. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार, फोटो असलेलं चालू खात्याचं पासबुक असा पुरावा जमवा. नोटरीकडच्या स्टॅम्पपेपरवर भिस्त ठेवू नका. घरमालकाला आणि वॉचमनला कल्पना देऊन ठेवा. चौकशीला आलेल्या पोलिसाला वॉचमननं ‘असं कुणी राहत नाही’ म्हणून सांगणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. वॉचमनला तुम्ही ‘तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा’ म्हणून माहीत असता, नावानं नाही.

पत्त्यातलीच आणखी एक गोम म्हणजे ठाणं. फॉर्ममध्ये पोलीस ठाणं तुम्हालाच निवडावं लागतं, आणि जवळचं ते आपलं असं समजून लोक निवडतात. इंदिरानगर, मुंबई नाका, अंबड, उपनगर यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत. रस्त्याच्या अलीकडची कॉलनी एका ठाण्यात, पलीकडची दुसऱ्यात. शहराच्या कडेच्या वस्त्यांत तर प्रश्न आणखी वरचा: शहर की ग्रामीण? चुकीच्या ठाण्यात गेलेला अर्ज ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत फिरतो, आणि हे फिरणं फार सावकाश चालतं. आपलं ठाणं कुठलं हे माहीत नसेल तर फॉर्म भरण्याआधी जवळच्या ठाण्यात किंवा चौकीत विचारून घ्या.

तिसरं कारण गुन्हे, आणि इथे नाशिक जिल्ह्याची स्वतःची एक तऱ्हा आहे. कांद्याचे भाव पडले, लासलगावला किंवा पिंपळगावला लोक रस्त्यावर बसले, पोलिसांनी नावं लिहून घेतली, सोडून दिलं. बसणारा विसरून जातो. काही वर्षांनंतर त्याचा किंवा तेव्हा कॉलेजात असलेल्या, त्याच्याबरोबर बसलेल्या त्याच्या मुलाचा पासपोर्ट निघतो आणि पडताळणीत तो गुन्हा वर येतो. भाऊबंदकीतली बांधाची मारामारी, चेक न वटल्याचा खटला, नवरा-बायकोच्या भांडणातला ४९८-अ (जुन्या दंडसंहितेतलं सासरच्या छळाचं कलम) हेही याच रांगेत.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण इथे घाबरवणारे फार भेटतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(एफ) नुसार भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसती एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. न्यायालयानं दखल घेतलेली असावी लागते, हे परराष्ट्र मंत्रालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि खटला चालू असला तरी दार बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार ज्या न्यायालयात खटला आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एका वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलाला सांगा, अर्जातच मुदत मागा. पुढे दरवर्षीचा हेलपाटा वाचतो.

खटला संपला असेल तर त्या निकालाची प्रमाणित प्रत जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातून किंवा तालुक्याच्या न्यायालयातून काढून ठेवा. पोलिसांच्या नोंदीत बरेचदा गुन्हा दिसतो आणि त्याचा निकाल दिसत नाही. फॉर्ममधल्या खटल्याच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहून पुढे सरकण्याचा मोह मात्र टाळा. खोटी माहिती देणं हा त्याच कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे. ज्या किरकोळ प्रकरणातून सहज सुटला असता, त्याच्यापायी नवं प्रकरण कशाला अंगावर घ्यायचं?

अहवाल ॲडव्हर्स (प्रतिकूल) किंवा इनकम्प्लीट (अपूर्ण) गेला की फाइल मुंबईत थांबते. तिथून येणाऱ्या पत्राला किंवा ईमेलला मुदतीत उत्तर द्या, कागद जोडा. गरज पडली तर चौकशीची वेळ ऑनलाइन घेऊन विदेश भवनात जा आणि पुन्हा पडताळणीची विनंती करा. पुष्कळ लोक महिनोन्‌महिने नुसतं स्टेटस बघत बसतात. इनकम्प्लीट झालेली फाइल आपोआप पुढे सरकत नाही.

नूतनीकरणाला तुलनेनं कमी त्रास असतो. पत्ता, नाव काही बदललेलं नसेल तर पडताळणी होतही नाही किंवा पासपोर्ट आल्यानंतर होते. मुदत संपायच्या वर्षभर आधी अर्ज करता येतो. तो तेव्हाच करा, कारण अनेक देश मुदतीचे सहा महिने शिल्लक नसतील तर येऊ देत नाहीत. तत्काळबद्दल एवढंच: नेहमीच्या पंधराशेवर आणखी दोन हजार रुपये भरले की रांगेत पुढे जाता येतं. कागद चोख असतील तर पासपोर्ट काही कामाच्या दिवसांतच हातात पडतो. पडताळणी मात्र चुकत नाही, ती सहसा नंतर होते. पत्ता खोटा निघाला तर आलेला पासपोर्टही अडचणीत येतो. मोठा नावबदल असेल तर तत्काळ मिळतच नाही.

ओझरच्या एचएएलमध्ये (विमान कारखान्यात), प्रेसमध्ये किंवा सरकारी खात्यात नोकरीला असणाऱ्यांनी आस्थापना विभागाला पूर्वसूचनेचं पत्र देऊन त्याची प्रत अर्जाला जोडावी. ना-हरकत मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा हा मार्ग लवकरचा.

पीसीसी: एकाच नावाच्या दोन वस्तू

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. या नावाखाली दोन वेगळी प्रमाणपत्रं फिरतात आणि चुकीचं काढून आणणारे दर महिन्याला भेटतात. एक देतं पासपोर्ट कार्यालय. परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्यासाठी ते लागतं, फी ५०० रुपये, अर्ज पासपोर्ट सेवेच्याच संकेतस्थळावर. पर्यटक व्हिसावर फिरायला जाताना ते लागत नाही. दुसरं देतात महाराष्ट्र पोलीस. ते म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला, खासगी कंपनी, सुरक्षारक्षकाची नोकरी वगैरेंसाठी. त्याचं संकेतस्थळ वेगळं. कॅनडाच्या फाइलला हा दुसरा जोडला तर तो परत येतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.

पासपोर्टवाल्या पीसीसीच्या अर्जात देशाचं नाव घालावं लागतं. जर्मनीसाठी काढलेलं ऑस्ट्रेलियाला चालेल असं धरू नका. मूळ पासपोर्ट बरोबर लागतो. त्यावरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावाही. पडताळणी पुन्हा त्याच ठाण्याच्या वाटेनं होते, म्हणून वर सांगितलेलं सगळं इथेही लागू. सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीचा अर्ज करता येतो. सेवा केंद्रात तारीख लांबची मिळत असेल तर तिकडेही बघा.

परदेशात राहून आलेल्यांची गफलत वेगळी. पाच वर्षं दुबईत काढून नाशिकला परतलेला माणूस कॅनडाला अर्ज करतो आणि इथलं पीसीसी जोडून निश्चिंत होतो. कॅनडा गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचं प्रमाणपत्र मागतो, ऑस्ट्रेलिया दहा वर्षांत एकूण बारा महिने. दुबईचं दुबईहूनच आणावं लागतं.

फार आधी काढण्यातही अर्थ नाही. बरेच देश जुनं प्रमाणपत्र मानत नाहीत, किती जुनं चालेल ते ज्याचा त्याचा दूतावास ठरवतो. नाशिकमध्ये आणखी एक हिशेब करावा लागेल. निवडणुका आणि गणपती यांच्या काळात अंमलदार बंदोबस्तावर जातात आणि पडताळण्या मागे पडतात, हे दरवर्षीचं आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, आणि मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या सुमारास ज्यांचं परदेशी शिक्षणाचं सत्र सुरू होतंय, त्यांनी पासपोर्टचा अर्ज २०२७ च्या मार्च-एप्रिलपर्यंत उरकावा आणि पीसीसी कॉलेजचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच टाकावं.